बेपत्ता वैमानिकांचा हिशेब

कराडला दर डिसेंबरात विजय दिवस समारोह होतो. १९७१ च्या विजयाच्या स्मरणार्थ निवृत्त सैनिकांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या सोहळ्याला मी बरीच वर्षे जातो. पोराबाळांना शस्त्रे जवळून पाहता येतात, आकाशातून छत्रीधारी जवान उतरतात, माजी सैनिकांचा सन्मान होतो आणि वीरपत्नी, वीरमाता यांना व्यासपीठावर मानाने बसवले जाते. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखे गाव आहे आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली जिथे सुरू झाली, त्या जिल्ह्याला मान देणे शिकवावे लागत नाही. मात्र या मानपानात दोनच रकाने असतात, परत आलेला आणि धारातीर्थी पडलेला. जो परत आला नाही आणि पडल्याचेही कुणी पाहिले नाही, त्याच्या घरच्यांना कोणत्या रांगेत बसवायचे हे आपण ठरवलेले नाही. व्यासपीठाला हा दोष मी देत नाही. सरकारदरबारी जे ठरलेले नाही, ते कराडच्या मैदानावर ठरण्याची अपेक्षा करता येत नाही.

या तिसऱ्या रकान्यातले एक नाव मराठी वाचकांनी तरी विसरू नये. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हवाई दलाच्या ३२ व्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ हे विमान चालवत. १९७० च्या एप्रिलमध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. युद्ध ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी सुरू झाले आणि ५ डिसेंबरला पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या हवाई तळावर हल्ला करायला गेलेले तांबे परतले नाहीत. संसार दीड-पावणेदोन वर्षांचा झाला होता. त्यानंतर दमयंतीबाईंनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली, पुन्हा लग्न केले नाही, आणि अर्ज, भेटी, न्यायालये व शिष्टमंडळे यांत पन्नास वर्षे घालवली.

लढाऊ वैमानिकाच्या बाबतीत हा ‘बेपत्ता’ शेरा इतक्या सहजपणे का पडतो, हे समजून घेतले पाहिजे. पायदळातला जवान पडला तर शेजारी सोबती असतो. सुखोई-७ मध्ये एकटाच माणूस असतो. शत्रूच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायचे तर झाडांच्या शेंड्यांवरून, रडारच्या नजरेखालून जावे लागते. तोफांचा गोळा लागला तर हातात काही सेकंद असतात. जोडीदार विमानाचा वैमानिक ताशी आठ-नऊशे किलोमीटरच्या वेगात मागे वळून जे पाहतो, ते धूर, एखादा भडका किंवा पांढरा ठिपका एवढेच असते. तो ठिपका पॅराशूटचा होता की धुराचा, यावर एका कुटुंबाचे पुढचे अर्धे शतक अवलंबून राहते. परतल्यावर तो जे सांगतो ते स्क्वाड्रनच्या कागदांत नोंदले जाते, आणि ते कागद घरच्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

तांबे यांच्या बाबतीत ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ या ढाक्याच्या दैनिकाने ५ डिसेंबरच्याच अंकात पाच भारतीय वैमानिक पकडल्याची बातमी दिली आणि त्यात एक नाव ‘फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे’ असे छापले. तांबे जिवंत पकडले गेले, या विश्वासाचा पाया ही बातमी आहे, आणि तो पाया पोकळ नाही. शत्रूच्या बातमीदाराला हे आडनाव स्वप्नात सुचणार नाही. तरी याच बातमीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. हे नाव बंदिवानाच्या तोंडून आले असेल किंवा त्याच्या अंगावरच्या ओळखपत्रावरून उतरवून घेतले असेल. दुसरे खरे असेल, तर ते ओळखपत्र मृतदेहावरचेही असू शकते. पुढे १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या युद्धबंदी छावणीतून दिलीप पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तीन वैमानिकांनी भिंत फोडून पलायन केले आणि ते अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले. त्या छावणीत ठेवलेले आपले वैमानिक एकमेकांना ओळखत होते, त्यांची मोजदाद झालेली होती आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते वाघ्याला परत आले. त्यांच्यात तांबे नव्हते. तेव्हा त्यांना वेगळे ठेवले होते की ते ५ डिसेंबरलाच गेले होते? दोन्ही शक्यता आजही उभ्या आहेत, आणि त्यांचा निवाडा अंदाजाने होत नाही, कागदाने होतो.

तांबे एकटे नाहीत. मेजर ए. के. घोष यांचा म्हणून मानला गेलेला गजाआडचा फोटो डिसेंबर १९७१ मध्येच ‘टाइम’ साप्ताहिकात छापून आला होता. मेजर अशोक सुरी यांना आधी मृत ठरवले गेले, आणि डिसेंबर १९७४ मध्ये त्यांच्या वडिलांना त्यांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी मिळाली. पुढच्या वर्षी कराचीहून आणखी एक चिठ्ठी आली आणि तीत आपल्याबरोबर वीस अधिकारी असल्याचे लिहिले होते. हस्ताक्षराची तपासणी झाली आणि सुरींच्या नावापुढचा शेरा ‘मृत’चा ‘बेपत्ता’ करण्यात आला. या काळात परराष्ट्र खाते यशवंतराव चव्हाणांकडे होते. ज्या यशवंतरावांनी १ सप्टेंबर १९६५ ला संरक्षणमंत्री म्हणून हवाई दलाला छांबकडे झेपावण्याची परवानगी क्षणाचा वेळ न दवडता दिली, त्यांच्याविषयी आम्हा कराडकरांना जो अभिमान आहे तो उणा करण्याची माझी इच्छा नाही. परंतु या चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न आपल्या माणसालाही विचारता आला पाहिजे, नाहीतर तो इतरांना विचारण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

या विषयावर आपल्याकडे बोलणे निघाले की पहिले वाक्य ठरलेले असते : आपण त्यांचे ९३ हजार युद्धबंदी सोडले आणि आपले ५४ बेपत्ता सोडवून घेतले नाहीत. संताप समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे खरी चूक झाकली जाते. २ जुलै १९७२ च्या सिमला करारात त्या ९३ हजारांच्या सुटकेचा निर्णय झालेला नव्हता. तो ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात झाला, आणि शेवटचे बंदी १९७४ च्या एप्रिलपर्यंत गेले. म्हणजे युद्ध संपल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ पत्ते आपल्या हातात होते. एवढ्या काळात आपल्या बेपत्तांची नावनिशीवार यादी तयार करून ती वाटाघाटीच्या मेजावर ठेवायला हवी होती. प्रत्यक्षात अशी यादी लोकसभेत मांडली गेली ती १९७९ साली, आणि तीत चाळीस नावे होती. ती पुढे वाढत चोपन्नांपर्यंत गेली, आणि आता इतर काळातले बेपत्ता धरून सरकार ८३ हा आकडा सांगते. शत्रूचे ९३ हजार आपण एकेक मोजून ठेवले, त्यांच्या जेवणाखाण्याचा, औषधांचा आणि पत्रांचा चोख हिशेब ठेवला, आणि आपले किती हे ठरवायला सात वर्षे घेतली. पानिपतानंतरच्या त्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रात मोत्ये आणि मोहरा तरी मोजलेल्या होत्या, फक्त खुर्द्याची गणती नव्हती. इथे लढाऊ वैमानिकासारखी मोहरही खुर्द्यात जमा झाली.

पानिपत काढले आहे, तर सदाशिवरावभाऊंबद्दलही बोलले पाहिजे. भाऊ पडले हे ठामपणे सांगणारे कुणी नव्हते असे नाही, पण पार्वतीबाईंनी ते अखेरपर्यंत मानले नाही आणि सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. आपण ही कथा डोळे पुसत ऐकतो आणि तिचा दुसरा भाग विसरतो. भाऊंच्या अनिश्चित शेवटातून तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले गेले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड देईपर्यंत पुणे दरबाराची झोप उडाली. ज्या प्रश्नाचे उत्तर राज्यसत्ता देत नाही, त्याचे उत्तर तोतये देतात. चोपन्न जणांच्या कुटुंबांनी असे तोतये पुष्कळ पाहिले आहेत. कुणी सुटून आलेला कैदी अमुक तुरुंगात तुमचा माणूस पाहिल्याचे सांगतो, कुणी भिंतीपलीकडून हाका ऐकल्याचे सांगतो. त्यातले एखादे खरेही असेल, पण खरे-खोटे निवडण्याचे काम घरच्यांच्या गळ्यात पडते, आणि ते त्यांचे काम नाही. मे २०२५ च्या संघर्षात एक भारतीय महिला वैमानिक पकडली गेल्याची खोटी बातमी मोबाइलवर फिरली. सरकारने ताबडतोब खंडन केले, म्हणून ती तिथेच संपली. १९७१ च्या बातमीचे खंडनही झाले नाही आणि मंडनही झाले नाही.

माझे म्हणणे असे आहे की आपण पाकिस्तानला आणि स्वतःच्या सरकारला विचारत आलेला प्रश्नच बदलला पाहिजे. ‘आमची माणसे तुमच्या तुरुंगात आहेत का?’ या प्रश्नाला ‘नाहीत’ एवढे उत्तर पुरते, आणि इस्लामाबादने ते प्रत्येक वेळी दिले आहे. १९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानला जाऊन आले. २००७ मध्ये चौदा जण पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. दोन्ही वेळा हाती काही लागले नाही. त्याच वर्षी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली गेली, पण २०१३ नंतर तिची बैठक झालेली नाही. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्यांची देवघेव करतात, संबंध कितीही बिघडलेले असोत. त्या प्रत्येक वेळी दिल्ली बेपत्ता सैनिकांचा उल्लेख करते, आणि तिकडून तेच उत्तर येते. या देवघेवीत दोन्ही सरकारांची सोय आहे. एकाला विचारल्याचे समाधान मिळते, दुसऱ्याला नाकारल्याचे. हे तरुण अधिकारी आज ऐंशीच्या घरात असते, ही गोष्टही मोठ्याने बोलायला कुणी धजत नाही. त्याऐवजी प्रत्येक नावाला वेगळा प्रश्न हवा. ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोट रोडजवळ पडलेल्या सुखोईचे अवशेष कुठे होते? ते कुणी गोळा केले? मृतदेह मिळाला का, तो कुठे पुरला, त्या दिवशीच्या तुमच्या तळाच्या नोंदवहीत काय लिहिले आहे? अशा प्रश्नाला नुसते ‘नाहीत’ हे उत्तर होत नाही.

असे विचारून काही मिळते का, ही शंका रास्त आहे. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांचे उदाहरण पाहावे. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावरच्या हल्ल्यात ते राखीव वैमानिक होते, आयत्या वेळी तुकडीत सामील झाले आणि परतले नाहीत. आपल्याकडच्या कागदांत एवढेच होते. त्यांनी आपल्या जुन्या मिस्टेअर विमानाने दुप्पट वेगाच्या स्टारफायटरशी झुंज दिली आणि ते पाडले, ही हकीकत १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाकिस्तानी बाजूने लिहिलेल्या एका पुस्तकातून जगापुढे आली. त्या स्टारफायटरचा वैमानिक पॅराशूटने वाचला होता. १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. तेवीस वर्षे त्यांचा पराक्रम सीमेपलीकडच्या कागदांत पडून होता, आणि तिथून तो बाहेर आला तो कुणी तरी नेमकी चौकशी केल्यामुळे. आपल्या बेपत्तांची खरी दप्तरे दोन ठिकाणी आहेत, त्यातले निम्मे दप्तर तर आपल्याच कपाटात आहे.

म्हणून सुरुवात आपल्या कपाटापासून व्हावी, तिला इस्लामाबादची परवानगी लागत नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. १९७१ ला पंचवीस वर्षे १९९६ सालीच झाली. जोडीदार वैमानिकाने परतल्यावर सांगितलेली हकीकत, चौकशी मंडळाचा अहवाल, शेरा बदलण्यामागची टिपणी, जिनिव्हाच्या रेडक्रॉसशी झालेला पत्रव्यवहार, हे सगळे प्रत्येक कुटुंबाला निदान त्याच्या माणसापुरते मिळायला हवे. यात आज कोणते गुपित फुटणार आहे? सुखोई-७ कधीच सेवेतून गेले, त्या काळचे डावपेच पाठ्यपुस्तकांत आले. एकच गुपित उरले असावे, ते म्हणजे आपण किती कमी शोध घेतला. ते फुटले तर फुटू द्यावे.

कायद्याच्या अंगाने हा रस्ता वाटतो तेवढा मोकळा नाही, हेही मान्य केले पाहिजे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार बंदिवानाला छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत घरी कार्ड पाठवू दिले पाहिजे आणि लढाई थांबताच विनाविलंब सोडले पाहिजे. बेपत्तांचे काय झाले हे जाणून घेण्याचा कुटुंबाचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत आला तो १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात, आणि त्यात भारत सहभागी नाही. जो हक्क आपण स्वतः कागदावर स्वीकारलेला नाही, तो दुसऱ्याकडे कोणत्या तोंडाने मागायचा? गुजरात उच्च न्यायालयाने २०११ च्या डिसेंबरात हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावे असा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची अट भारताने स्वतःच घातलेली आहे, आणि ती काश्मीरसारख्या प्रश्नांसाठी आपल्याला हवी आहे. ही अडचण खोटी नाही. पण कुलभूषण जाधवांच्या बाबतीत वकिलाती संबंधांविषयीच्या व्हिएन्ना कराराचा धागा पकडून आपण त्याच न्यायालयात गेलो आणि २०१९ मध्ये निकालही मिळवला. जिथे मनात आले, तिथे वाट काढता आली.

शोधण्याची क्षमताही आपल्याकडे आहे. १९६८ मध्ये रोहतांगजवळ १०२ जणांसह कोसळलेल्या हवाई दलाच्या मालवाहू विमानातील चार जणांचे अवशेष सैन्याने २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, बर्फातून काढून घरी पोहोचवले. २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात नाहीसे झालेल्या एएन-३२ चे अवशेष समुद्राच्या तळाशी सुमारे ३,४०० मीटर खोलीवर सापडले. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या वैमानिकांचे अवशेष शोधायला आपल्याच अरुणाचलात पथके पाठवली, आणि आपण ती येऊ दिली. तिथे या कामासाठी कायमचे खाते आहे, सरकार बदलले तरी त्याची फाइल बंद होत नाही. आपल्याकडे ही जबाबदारी संरक्षण, परराष्ट्र आणि गृह या तीन खात्यांत विभागली आहे, आणि तीन घरचा पाहुणा उपाशी राहतो तसे झाले आहे. चार-पाच अधिकारी, एक इतिहासकार आणि एक न्यायवैद्यक तज्ज्ञ एवढ्यांचे छोटे पण कायमचे कार्यालय पुरेसे आहे. पाकिस्तानचेही काही सैनिक बेपत्ता आहेत. त्यांच्या कबरींची माहिती आपण होऊन दिली, तर मागायला आपले तोंड मोठे होईल. ही सूचना सध्याच्या वातावरणात अनेकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

सगळ्यात हळवा आक्षेप शेवटी घेतो. कागद उघडले आणि त्यात मृत्यूच निघाला, तर आयुष्यभर जपलेली आशा मोडेल. ती कशाला मोडायची? हा आक्षेप घेणारे दयाळू असतात, पण बहुधा ते स्वतः वाट पाहत बसलेले नसतात. आपल्या शास्त्रानेसुद्धा बेपत्ता माणसाची वाट पाहण्याला मर्यादा घातली आणि त्यानंतर पळसाच्या पानादेठांचा देह करून पालाशविधी सांगितला. इंग्रजी कायद्याने ती मर्यादा सात वर्षांवर आणली आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती सातच आहे. दोघांनीही ओळखले होते की माणूस गेल्याचे दुःख सोसता येते, मात्र गेला की नाही हे न कळण्याला तळ नसतो.

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या आजीची धाकटी जाऊ होती. आम्ही तिला धाकटी आजी म्हणायचो. तिचा नवरा साधा शिपाई, १९६२ च्या चीन युद्धात नेफातून, म्हणजे आजच्या अरुणाचलातून, परतला नाही. त्या युद्धात आपले सोळाशेहून अधिक जवान बेपत्ता नोंदले गेले, त्यांतला तो एक. त्याची काळी लोखंडी ट्रंक माळ्यावर होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने त्याचा नंबर लिहिलेला होता. दसऱ्याला ती ट्रंक खाली यायची, कपडे उन्हात पडायचे, डांबराच्या गोळ्या बदलायच्या आणि संध्याकाळी सगळे जागच्या जागी जायचे. जमिनीच्या वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला लागे. तो मागण्यासाठी अर्जात नवऱ्याच्या नावाआधी ‘मयत’ लिहावे लागे, आणि ती अंगठा द्यायला तयार नसे. घरचे चिडत, तिला हट्टी म्हणत. एकदा माझ्या आईने तिला समजावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, “ह्ये कुठं पडलं एवढं जरी कुणी यिऊन सांगितलं असतं, तरी म्या तवाच कुकू पुसलं असतं.” १९८९ मध्ये ती गेली. त्यानंतर सातबाऱ्यावर दोघांच्याही नावांना एकाच फेरफाराने कंस पडला.